इंग्रजी वाक्यात काळ कसा निवडावा: मराठी बोलणाऱ्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेला मराठी माणूस घरात मराठी, बाजारात गुजराती आणि कचेरीत हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांमधून दिवसभर सहज ये-जा करतो. इंग्रजी शब्दांची त्याला वानवा नसते आणि वाचनही बरे असते. परंतु नोकरीचा अर्ज, परदेशी विद्यापीठाला पाठवायचे पत्र किंवा आयईएलटीएसचा निबंध लिहायला बसले की "आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे" आणि "आय ॲम लिव्हिंग इन वडोदरा सिन्स टेन इयर्स" अशी वाक्ये कागदावर उतरतात. अशी वाक्ये का तयार होतात आणि ती टाळण्यासाठी लिहिताना कोणत्या क्रमाने विचार करावा, हे या लेखात मांडले आहे. इंग्रजी उदाहरणे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. ती मनात न वाचता मोठ्याने म्हणावीत, म्हणजे रूप कानावर बसते.

चुकीचे मूळ कोठे आहे

शाळेत काळ शिकवताना बारा खणांचा तक्ता फळ्यावर काढतात. वर्तमान, भूत आणि भविष्य हे तीन काळ, आणि प्रत्येकाचे साधा, अपूर्ण, पूर्ण व चालू पूर्ण असे चार प्रकार. प्रत्येक खणात एक मराठी रूप आणि त्याच्या शेजारी एक इंग्रजी रूप लिहिलेले असते: जातो म्हणजे "गो", जात आहे म्हणजे "ॲम गोइंग", गेलो आहे म्हणजे "हॅव गॉन", गेलो होतो म्हणजे "हॅड गॉन". पाठांतरासाठी हा तक्ता उपयोगी आहे आणि तो टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. पण त्यावरून अशी समजूत होते की मराठी रूप सापडले की इंग्रजी रूप आपोआप सापडते, आणि बहुतेक चुका या एका समजुतीतून जन्माला येतात.

मराठी क्रियापद काय काय करते ते पाहावे. हाक मारल्यावर आपण "आलोच" म्हणतो तेव्हा रूप भूतकाळाचे असते आणि येणे अजून व्हायचे असते. "पाऊस आला तर सहल रद्द करू" यातला "आला" हा पाऊसही अजून पडलेला नाही. "मी उद्या सुरतेला जातो" यात वर्तमानकाळाचे रूप उद्याची गोष्ट सांगते. ऐकणारा संदर्भावरून सगळे समजून घेतो, कारण मराठी रूपांमध्ये काळाखेरीज बोलणाऱ्याची खात्री, तातडी आणि अट यांचेही अर्थ भरलेले असतात. इंग्रजीची रूपे वेगळ्या हिशेबाने वाटलेली आहेत. म्हणून मराठी वाक्यातले रूप न पाहता त्या वाक्यातली घटना कोणत्या क्षणाशी बांधलेली आहे ते पाहावे, आणि त्यावरून इंग्रजी काळ निवडावा. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका सूत्राच्या आधाराने चालतात.

पहिली पायरी: घटनेचा क्षण ठरवा

लिहिण्यापूर्वी स्वतःला मराठीतच विचारावे: ही गोष्ट पूर्वीच्या एखाद्या ठरावीक वेळी घडून संपली आहे का? की ती पूर्वी सुरू होऊन आजपर्यंत पोहोचते, किंवा तिचा परिणाम आज समोर दिसतो आहे? की ती नेहमीच खरी असते? की या घडीला चालू आहे? की अजून व्हायची आहे? या प्रश्नांचे उत्तर मिळाल्याशिवाय क्रियापद लिहू नये. सुरुवातीला यात वेळ जातो, पण काही आठवड्यांत हा विचार लिहिण्याच्या ओघातच होऊ लागतो.

उत्तर शोधण्यासाठी वाक्यातले काळवाचक शब्द हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. काल, गेल्या वर्षी, दोन दिवसांपूर्वी, १९४९मध्ये, मी लहान असताना, असा कोणताही शब्द किंवा शब्दसमूह असेल तर घटना भूतकाळातल्या एका ठिकाणी पक्की झाली, आणि तेथे साधा भूतकाळच येतो. "सयाजीराव द थर्ड केम टू द थ्रोन इन १८७५." "द युनिव्हर्सिटी वॉज फाउंडेड इन १९४९." "द विश्वामित्री फ्लडेड द सिटी इन ऑगस्ट २०२४." वेळ स्पष्ट लिहिलेली नसली, तरी ऐकणाऱ्याला कोणती वेळ म्हणायची आहे ते ठाऊक असेल, तर तेथेही साधा भूतकाळच वापरावा.

दुसरी पायरी: "होतो" दिसले की थांबा

"मी काल मुंबईला गेलो होतो" हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. त्यातल्या "होतो"मुळे जाणे झाले, परतही आलो, तो विषय आता मिटला, असे सूचित होते; "मी काल मुंबईला गेलो" एवढेच म्हटले तर ऐकणारा पुढे काय झाले याची वाट पाहतो. गुजरातीतही "हूं काले मुंबई गयो हतो" अशीच रचना असल्यामुळे बडोद्यातल्या मुलांच्या कानावर ती दोन्ही बाजूंनी पडते, आणि म्हणून येथे ही चूक विशेष घट्ट रुजलेली आढळते.

इंग्रजीत मात्र "हॅड गॉन" याचा अर्थ परत आलो असा होत नाही. भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधी ही गोष्ट होऊन गेली होती, एवढेच ते रूप सांगते. म्हणून केवळ "आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे" म्हटले की इंग्रजी वाचणारा विचारतो, कशाच्या आधी? तो दुसरा क्षण वाक्यात किंवा मागच्या वाक्यात नसेल, तर "आय वेंट टू मुंबई यस्टरडे" एवढेच लिहावे. मी शिकवताना विद्यार्थ्यांना एक सोपी परीक्षा करायला सांगते: "हॅड" लिहिले की त्याच्या आधारासाठी भूतकाळातली दुसरी घटना बोटाने दाखवायची. ती दाखवता आली नाही तर "हॅड" खोडायचे.

आता ते रूप जेथे खरोखर हवे असते असे उदाहरण घेऊ. श्री अरविंद १८९३मध्ये बडोदे संस्थानाच्या सेवेत आले आणि पुढे बडोदे कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले. त्यांचे शिक्षण त्याआधी केंब्रिजला झाले होते. हे इंग्रजीत सांगायचे झाले तर असे होईल: "श्री अरबिंदो केम टू बरोडा इन १८९३. ही हॅड स्टडिड ॲट केंब्रिज." बडोद्याला येणे हा आपला आधाराचा क्षण, आणि केंब्रिजचे शिक्षण त्याच्या मागे. दुसऱ्या वाक्यातले "हॅड" काढले तर वाचणाऱ्याला ते बडोद्याला आल्यानंतर केंब्रिजला गेले असा भास होऊ शकतो, म्हणजे येथे "हॅड" घटनांचा क्रम राखण्याचे काम करते.

घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगितल्या तर हे रूप लागतच नाही. "ही स्टडिड ॲट केंब्रिज, केम टू बरोडा इन १८९३ अँड लेफ्ट इन १९०६" हे वाक्य पूर्ण बरोबर आहे. "बिफोर" किंवा "आफ्टर" हा शब्द क्रम स्पष्ट सांगत असेल तेव्हाही साधा भूतकाळ चालतो. मात्र "बाय द टाइम" आले की पूर्ण भूतकाळ बहुधा लागतोच: "बाय द टाइम वी रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." आपण पोहोचण्याच्या क्षणी गाडी सुटून गेलेली होती. येथे "द ट्रेन लेफ्ट" लिहिले तर आपण गाडीच्या सुटण्याच्या आधी पोहोचलो की नंतर, हे अंधारात राहते.

नकाराची एक चूक येथेच सांगून ठेवते. मराठीत "गेला"चा नकार "गेला नाही" असा होतो, म्हणजे भूतकाळाचे रूप तसेच राहते. त्यामुळे "डिड नॉट वेंट" लिहिले जाते. इंग्रजीत भूतकाळाचा भार "डिड" उचलते आणि मूळ क्रियापद आपल्या पहिल्या रूपात परत येते: "ही डिड नॉट गो." प्रश्नातही तसेच: "डिड यू सी हिम?"

तिसरी पायरी: आजपर्यंत पोहोचणारी गोष्ट

पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे "हॅव" किंवा "हॅज" लावून होणारे रूप, हा सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असा भाग आहे. भूतकाळात सुरू झालेल्या किंवा घडलेल्या गोष्टीला आजशी जोडून दाखवणे हे त्याचे काम. ही जोडणी दोन तऱ्हांची असते.

पहिली तऱ्हा अशी की गोष्ट तेव्हापासून आजपर्यंत चालूच आहे. मराठीत आपण "मी दहा वर्षांपासून इथे राहतो" असे वर्तमानकाळात म्हणतो, आणि त्यावरून "आय ॲम लिव्हिंग हिअर" तयार होते. इंग्रजी मात्र ती दहा वर्षे मोजायला लावते: "आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स." किंवा "आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स." आपला "पासून" आणि गुजरातीतला "थी" हे दोन्ही कालावधीलाही लागतात आणि सुरुवातीच्या क्षणालाही: दहा वर्षांपासून, २०१५पासून. इंग्रजीने ही कामे वाटून दिली आहेत. कालावधी असेल तर "फॉर", सुरुवातीचा क्षण असेल तर "सिन्स". "सिन्स टेन इयर्स" चुकते ते यामुळे. "सिन्स"च्या पुढे तारीख, वर्ष, वार किंवा एखादी घटना ठेवता येते का ते पाहावे: "सिन्स २०१५", "सिन्स मंडे", "सिन्स माय मॅरेज".

दुसरी तऱ्हा अशी की गोष्ट संपली आहे, पण कधी संपली याला महत्त्व नाही आणि तिचा परिणाम किंवा अनुभव आज आपल्याजवळ आहे. "आय हॅव लॉस्ट माय की" म्हणजे किल्ली हरवली आहे आणि मी अजून दाराबाहेर उभा आहे. "द रिव्हर हॅज फ्लडेड द सिटी सेव्हरल टाइम्स" येथे विश्वामित्रीला आजवर आलेल्या पुरांचा हिशेब आहे, कोणत्याही एका पुराची तारीख नाही. तारीख लिहिली की रूप बदलते, हे पहिल्या पायरीत पाहिले. "हॅज फ्लडेड" आणि "इन ऑगस्ट २०२४" हे दोघे एका वाक्यात नांदत नाहीत. "ही हॅज कम यस्टरडे" हे वाक्यही याच कारणाने चूक आहे, मराठीत "तो काल आला आहे" कितीही सहज वाटले तरी.

दिवंगत व्यक्तींविषयी लिहिताना हा नियम फार उपयोगी पडतो. सयाजीरावांनी १९०६मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचे फळ आपण आजही भोगतो. पण "सयाजीराव हॅज मेड" असे लिहिता येत नाही, कारण १९३९मध्ये त्यांचे आयुष्य संपले आणि त्यांच्या कृती भूतकाळात बंद झाल्या. तेथे "मेड" हवे. विद्यापीठ मात्र आजही उभे आहे, म्हणून "द फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स हॅज ट्रेन्ड पेंटर्स अँड स्कल्प्टर्स सिन्स १९५०" हे योग्य. शाळेच्या निबंधात थोर पुरुषांवर लिहिताना मुले या दोन्ही रूपांची सरमिसळ करतात, तेव्हा पालकांनी एवढी एक गोष्ट तपासली तरी निबंध बराच सुधारतो.

आज, या आठवड्यात, या वर्षी, हे शब्द दोन्हीकडे जातात. तो कालावधी अजून चालू असेल तर पूर्ण वर्तमानकाळ, संपला असेल तर साधा भूतकाळ. सकाळी दहा वाजता "आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग" म्हणावे. संध्याकाळी तीच गोष्ट सांगताना "आय हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग" म्हणावे. नुकतेच, आधीच आणि अजून नाही या अर्थांचे "जस्ट", "ऑलरेडी" व "येट" हे शब्द ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळाबरोबर येतात: "आय हॅव जस्ट ईटन." अमेरिकन बोलण्यात "आय जस्ट एट" हेही सर्रास ऐकू येते आणि त्याला चूक म्हणू नये. पण आपल्याकडची शालेय परीक्षा ब्रिटिश वळणाची असते, म्हणून विद्यार्थ्याने पहिले रूप धरावे.

"हॅव गॉन" आणि "हॅव बीन" यांतला भेद मराठी माणसाला चटकन कळतो, कारण तो आपल्याकडेही आहे. "ही हॅज गॉन टू मुंबई" म्हणजे तो मुंबईला गेला आहे, अजून तिकडेच आहे. "ही हॅज बीन टू मुंबई" म्हणजे तो मुंबईला जाऊन आलेला आहे. "गेलो होतो"मधून जो परतीचा अर्थ आपल्याला द्यायचा असतो, तो वेळ न सांगता द्यायचा झाला तर "हॅव बीन" हे त्याचे खरे घर.

चालू पूर्ण रूपाचा उपयोग कामाच्या चालू असण्यावर भर देण्यासाठी करावा. "आय हॅव बीन रायटिंग लेटर्स ऑल मॉर्निंग" यात सकाळभरचा व्याप दिसतो, तर "आय हॅव रिटन थ्री लेटर्स" यात हाती आलेले काम. संख्या सांगायची असेल तर साधे पूर्ण रूप घ्यावे.

चौथी पायरी: क्रियापद कृतीचे की स्थितीचे

"मला माहीत आहे", "मला समजते आहे", "माझ्याकडे गाडी आहे" या वाक्यांतला "आहे" इंग्रजीत "ॲम" होऊन उतरतो आणि "आय ॲम नोइंग", "आय ॲम हॅविंग अ कार" अशी वाक्ये होतात. जाणणे, समजणे, मालकी असणे, आवडणे, हवे असणे, विश्वास असणे, संबंधित असणे या गोष्टी स्थिती आहेत. त्या करायला घेता येत नाहीत आणि अर्ध्यावर सोडताही येत नाहीत. अशा क्रियापदांना "आयएनजी" लावू नये: "आय नो", "आय अंडरस्टँड", "आय हॅव अ कार", "धिस हाउस बिलाँग्ज टू माय अंकल." त्याच न्यायाने "आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स" असेच म्हणावे; तेथे चालू पूर्ण रूप चालत नाही.

काही क्रियापदे अर्थ बदलला की बाजू बदलतात. "हॅव" जेव्हा जेवणे, घेणे अशा कृतीचे होते तेव्हा "वी आर हॅविंग लंच" बरोबर. "थिंक" मत सांगते तेव्हा "आय थिंक", आणि विचार चालू असतो तेव्हा "आय ॲम थिंकिंग ऑफ मूव्हिंग टू पुणे."

कृतीच्या क्रियापदांमध्ये कायमचे आणि तात्पुरते हा भेद पाहावा. "आय वर्क इन अ बँक" ही ओळख आहे. "आय ॲम वर्किंग इन अ बँक" म्हटले की सध्यापुरते, पुढे बदलेल, असे ध्वनित होते, आणि व्हिसाच्या अर्जात ते नको असलेला अर्थ देऊ शकते. रोजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळच: "माय मदर वॉक्स इन सयाजी बाग एव्हरी मॉर्निंग." तृतीयपुरुषी एकवचनाचा "एस" विसरू नये, एवढे येथे पुरे.

भूतकाळातली सवय हा याच्या शेजारचा प्रश्न आहे. "आम्ही सुट्टीत आजोबांकडे जायचो" यातल्या "जायचो"साठी मराठीत छान स्वतंत्र रूप आहे, आणि इंग्रजीत त्याच्या जवळचे रूप म्हणजे "यूज्ड टू": "वी यूज्ड टू गो टू आवर ग्रँडफादर्स हाउस." पुष्कळजण येथे "वी वेअर गोइंग" लिहितात. ते रूप एका विशिष्ट क्षणी चालू असलेल्या कृतीसाठी राखून ठेवावे: "वी वेअर सिंगिंग द आरती व्हेन द लाइट्स वेंट आउट." लांब चालणारी कृती अपूर्ण भूतकाळात, तिला मध्येच येऊन भिडणारी छोटी घटना साध्या भूतकाळात.

पाचवी पायरी: पुढे होणारे

भविष्याची निवड तुलनेने सोपी आहे आणि तेथे चूक झाली तरी अर्थ सहसा बिघडत नाही. आधीच ठरवलेला बेत असेल तर "गोइंग टू", बोलता बोलता केलेला निश्चय किंवा वचन असेल तर "विल", तिकीट काढून पक्के झालेले असेल तर "वी आर लीव्हिंग टुमॉरो", आणि वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ: "द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स."

खरी अडचण "व्हेन", "इफ", "अनटिल", "ॲज सून ॲज" यांच्यापुढे येते. "तू येशील तेव्हा मी सांगेन" याचे "व्हेन यू विल कम, आय विल टेल यू" असे भाषांतर होते. इंग्रजीत अशा उपवाक्यात "विल" येत नाही, भविष्याचा अर्थ मुख्य वाक्य सांगते: "व्हेन यू कम, आय विल टेल यू." "पाऊस आला तर आम्ही घरी थांबू" म्हणजे "इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम." घडली नाही अशी गोष्ट असेल तर "पाऊस आला असता तर आम्ही थांबलो असतो" याच्यासाठी "इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव स्टेड." येथे "हॅड" अटीच्या बाजूला आणि "वुड हॅव" परिणामाच्या बाजूला, दोन्हीकडे "वुड" लिहू नये.

सहावी पायरी: दुसऱ्याचे बोलणे सांगताना

मराठीत "तो म्हणाला, मी उद्या येतो" किंवा "मला वाटलं तू घरी आहेस" असे आपण सहज म्हणतो. बोलण्याचा किंवा वाटण्याचा क्षण भूतकाळात गेला तरी आतले वाक्य आपल्या मूळ काळात उभे राहते. इंग्रजीत बाहेरचे क्रियापद भूतकाळात गेले की आतलेही एक पाऊल मागे जाते: "ही सेड ही वुड कम द नेक्स्ट डे." "आय थॉट यू वेअर ॲट होम." "विल"चे "वुड", "इज"चे "वॉज", "हॅज गॉन"चे "हॅड गॉन", असा हा क्रम असतो. आतली गोष्ट आजही खरी असेल तर वर्तमानकाळ ठेवण्याची मुभा आहे, जसे "शी सेड दॅट हर ब्रदर लिव्ह्ज इन ग्वाल्हेर." कचेरीतल्या इमेलमध्ये बैठकीचा वृत्तांत लिहिताना ही पायरी विशेष लागते, कारण तेथे प्रत्येक वाक्य कोणी काय म्हणाले यावर चालते.

सातवी पायरी: संपूर्ण परिच्छेद तपासणे

एकेक वाक्य बरोबर असूनही परिच्छेद डळमळीत होऊ शकतो. मराठी कथनात आपण "तो आत आला. बघतो तर काय, कपाट उघडे आहे" असे भूतकाळातून वर्तमानात बिनदिक्कत जातो आणि गोष्टीला त्याने रंगत येते. औपचारिक इंग्रजीत एका परिच्छेदाचा आधारकाळ एकच ठेवावा आणि तो बदलण्यासाठी सबळ कारण असावे. लिहून झाल्यावर प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ मारावी, मग फक्त ती क्रियापदे वरून खाली वाचावीत. जेथे काळ बदललेला दिसेल तेथे वाक्यात बदलाचे कारण आहे का ते शोधावे.

आयईएलटीएसच्या लेखन परीक्षेत व्याकरणाची विविधता आणि अचूकता हा गुणांच्या चार निकषांपैकी एक आहे. तिच्या ॲकॅडमिक प्रकारात पहिल्या प्रश्नात आलेख वर्णन करायचा असतो, आणि तेथे काळाची निवड आलेखावरच्या वर्षांवरून होते. वर्षे मागची असतील तर साधा भूतकाळ: "द नंबर रोज." पुढच्या वर्षांचे अंदाज असतील तर "इज एक्स्पेक्टेड टू राइज." आलेख आजपर्यंत येत असेल तर "हॅज रिझन सिन्स २०१०." वर्ष दिलेले नसेल, तर वर्तमानकाळ. उत्तर सुरू करण्यापूर्वी आलेखाच्या खालची वर्षे पाहणे हे पहिले काम समजावे.

आता एक मराठी मजकूर घेऊन सर्व पायऱ्या लावून पाहू. मजकूर असा: मी २०१२पासून बडोद्यात राहतो. २०१९मध्ये मी पदवी घेतली. त्याआधी दोन वर्षे मी एका दुकानात काम केले होते. आता मी एका कारखान्यात काम करतो, पण या महिन्यात रात्रपाळी करतो आहे. मला संगणकावर हिशेब ठेवणे माहीत आहे. माझे अधिकारी म्हणाले की ते शिफारसपत्र देतील. पत्र मिळाले की मी पाठवतो.

पहिल्या वाक्यात सुरुवातीचा क्षण आहे आणि राहणे चालू आहे: "आय हॅव लिव्ह्ड इन वडोदरा सिन्स २०१२." दुसऱ्यात वर्ष पक्के, घटना संपलेली: "आय टुक माय डिग्री इन २०१९." तिसऱ्यात पदवीचा क्षण आधाराला आहे आणि दुकानातले काम त्याच्या मागे आहे, म्हणून "होते" येथे खरोखर "हॅड" होते: "बिफोर दॅट, आय हॅड वर्क्ड इन अ शॉप फॉर टू इयर्स." चौथ्यात कायमचे आणि तात्पुरते शेजारी आले आहेत: "आय वर्क इन अ फॅक्टरी, बट धिस मंथ आय ॲम वर्किंग नाइट शिफ्ट्स." पाचव्यात स्थितीचे क्रियापद: "आय नो हाउ टू कीप अकाउंट्स ऑन अ कॉम्प्युटर." सहाव्यात सांगितलेले बोलणे, म्हणून काळ एक पाऊल मागे: "माय मॅनेजर सेड ही वुड गिव्ह मी अ लेटर ऑफ रेकमेंडेशन." सातव्या वाक्यात "मिळाले" हे मराठी रूप भूतकाळाचे आणि "पाठवतो" हे वर्तमानाचे, पण दोन्ही गोष्टी पुढे व्हायच्या आहेत: "आय विल सेंड इट ॲज सून ॲज आय गेट इट."

याच पद्धतीने स्वतःविषयीचा सात-आठ वाक्यांचा मजकूर आधी मराठीत लिहावा, प्रत्येक वाक्यासमोर घटनेचा क्षण नोंदवावा आणि मगच इंग्रजीकडे वळावे. मराठी रूप आणि इंग्रजी रूप जेथे जुळली नाहीत ती वाक्ये वेगळ्या वहीत उतरवून ठेवावीत, आणि पुढचा अर्ज किंवा पत्र लिहिण्यापूर्वी ती वही एकदा वाचावी.